शॉक कितीला बसतो, तो आकडा आधी विचारून घ्या

पत्र असं आहे:

“मॅडम, वय ५७, गोडोलीत राहतो. पाटबंधारे खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तरुणपणी तालमीत होतो, पुढं रोज पहाटे अजिंक्यतारा. सातारा हिल मॅरेथॉनही पळालोय. दोन वर्षांपूर्वी अॅटॅक आला, स्टेंट टाकली. गेल्या दिवाळीनंतर अंगणातच चक्कर येऊन पडलो. पुण्याला नेलं. हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे, ठोके मध्येच सुसाट सुटतात असं निघालं आणि डाव्या खांद्याखाली आयसीडी, म्हणजे ठोके आवरणारी शॉकची मशीन, बसवली. फाल्गुनात स्टँडवर कोरेगावची गाडी सुटत होती म्हणून धावलो, तर छातीत म्हशीनं लाथ मारावी तसा दणका बसला. पुण्याला जाऊन मशीन तपासली. ‘मशीन चांगली आहे, तुम्ही धावलात म्हणून शॉक बसला,’ एवढंच सांगितलं आणि गोळी वाढवली. तेव्हापासून बायको फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाही. नातू दोन वर्षांचा आहे, मला शॉक बसला तर त्यालाही बसेल म्हणून उचलून घेत नाही. मुलगा म्हणतो जिम लावा, तालमीतले दोस्त म्हणतात मुदगल फिरवायला ये. मला गड चढायचाय. जमेल का? — एक गडवाला”

गडवाले काका,

जमण्यासारखं आहे. पण वाट स्टेडियमवरून जाते, थेट गडावर नाही. आणि त्याहीआधी तुम्हाला एक आकडा हवा, जो पुण्यात कुणी तुमच्या हातात दिलेला दिसत नाही. “धावलात म्हणून शॉक बसला” हे खरं असलं तरी अर्धंच आहे. ते ऐकून माणूस एकच अर्थ काढतो, की हलायचं नाही. तुमच्या घरात तेच झालंय.

आधी मशीनचं सांगते. पेसमेकर वेगळा आणि आयसीडी वेगळी. पेसमेकर हा मंद पडलेल्या हृदयाला ढकलतो. आयसीडी हेही करू शकते, पण तिचं खरं काम उलट्या बाजूचं आहे, सुसाट सुटलेल्या ठोक्यांना आवरणं. माणसात अशी पहिली मशीन १९८० साली अमेरिकेत बसवली. तेव्हा ती पोटात बसवावी लागे आणि छाती उघडल्याशिवाय बसत नसे. आता ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, कातडीखाली असते आणि तिची वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते.

या वायरीतून मशीन दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत असते, रात्रंदिवस. तुम्ही गाडीमागं धावताय की झोपेत आहात, हे तिला दिसत नाही. डॉक्टरांनी तिच्यात एक हद्द भरलेली असते. ठोके त्या हद्दीच्या वर गेले आणि काही क्षण वरच राहिले, की ती जागी होते. पुष्कळदा ती आधी शॉक देत नाही. थोडे वेगाचे ठोके स्वतः देऊन गडबड मोडून काढते, त्यात दुखत नाही आणि अनेकांना ते कळतही नाही. त्यानं भागलं नाही, किंवा ठोके फारच वर असले, तर शॉक.

मग चांगले वाढलेले ठोके आणि बिघडलेले ठोके यांत ती फरक करते कसा? त्यासाठी तिला काही खुणा शिकवलेल्या असतात. ठोके हळूहळू चढले की एकदम उसळले? एकसारखे आहेत की वेडेवाकडे? पट्टीवरची लाट नेहमीसारखी दिसते की निराळी? आता तुमचं स्टँडवरचं धावणं बघा. बाकड्यावरून उठलात आणि तसेच सुटलात. अंगात ऊब नाही, श्वास जुळलेला नाही, ठोके बघता बघता वर. मशीनच्या हिशेबात अशी एकदम उसळी म्हणजे आजाराची खूण. तोच वेग दहा मिनिटं रमतगमत गाठला असता, तर मशीनला ओळख पटायला बरीच मदत झाली असती. म्हणून आयसीडीवाल्याला वॉर्मअप गुडघ्यांपुरता नसतो, मशीनसाठीही असतो. मात्र एक लक्षात ठेवा. सर्वांत वरच्या हद्दीत या खुणा बघत बसायला मशीन थांबत नाही. तिथं पोहोचलात तर ती शॉकच देणार, आणि तिनं तसंच वागावं म्हणून ती बसवलीय.

आता तो आकडा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खुर्चीत, छातीवर ते चपटं यंत्र टेकवलेलं, समोरच्या पडद्यावर लाटा पळतायत, खालून कागदाची पट्टी निघतेय. तंत्रज्ञ बॅटरी बघतो, वायर बघतो, “सगळं ओके” म्हणतो आणि दहा मिनिटांत तुम्ही बाहेर. यंत्र छातीवरून उचलायच्या आत विचारा: “माझी सर्वांत खालची हद्द किती ठोक्यांना सुरू होते? त्या हद्दीत मशीन नुसती नोंद करते की उपचार देते?” हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण काहींच्या मशीनमध्ये सर्वांत खालचा टप्पा केवळ नोंदीपुरता असतो. उपचाराचा आकडा मशीनच्या कार्डावर पेनानं लिहून घ्या. शॉकनंतर सेटिंग बदललंय का, तेही विचारा. बदललं असेल तर जुन्या फाईलमधला आकडा धरू नका.

व्यायामात ठोके त्या आकड्याच्या निदान १० ते २० खाली ठेवायचे. समजा आकडा १६० निघाला. तुमची भिंत १४०. २२० वजा वय हे गणित जिममधला पोरगा तुम्हाला ऐकवेल. ५७ वयाला ते १६३ येतं, म्हणजे या उदाहरणात सरळ शॉकच्या हद्दीत. शिवाय तुम्ही ठोके कमी करणारी गोळी घेता, त्यामुळं ते सूत्र तुम्हाला लागूच पडत नाही. १४० हीसुद्धा मशीनपुरती भिंत झाली. तुमच्या हृदयाला किती झेपतं, ते ट्रेडमिल टेस्ट करून डॉक्टर ठरवतील आणि बहुधा ते याहून कमीच असेल. दोन्हींत जो आकडा लहान, तो तुमचा. ती टेस्ट करणाऱ्याला “मला आयसीडी आहे आणि हद्द इतकी आहे” हे पट्टा सुरू होण्याआधी सांगा. कागदपत्रांत आहे, ते वाचतील, या भरवशावर राहू नका.

मुलानं घड्याळ आणून दिलं तर वापरा, पण त्यावर विसंबू नका. चढावर हात हलतो, घाम येतो, पट्टा सैल होतो आणि घड्याळ काहीही दाखवतं. नाडी बोटांनी बघायला शिका. तळहात वर, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटाच्या कडेला पहिली दोन बोटं हलकी टेकवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. थांबल्या थांबल्या मोजा, कारण दम घेत बसलात तर आकडा उतरलेला असतो. ठोके मध्येच चुकतायत असं वाटलं तर पूर्ण मिनिट मोजा. आणि सगळ्यांत सोपी खूण: चालताना सोबत्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. अभंग म्हणता आला नाही तरी चालेल, पण वाक्य पुरं करायला दम लागत असेल तर वेग जास्त झालाय.

सुरुवात शाहू स्टेडियमवर करा. सपाट जागा, आजूबाजूला माणसं, काही झालं तर रस्ता जवळ. पहिल्या आठवड्यात १० मिनिटं; आधीची पाचेक आणि शेवटची पाचेक सावकाश मिनिटं वेगळी. झेपलं तर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास एवढं जमलं, तर तुमच्या हृदयाला हवं ते बरंचसं मिळालं. शेवटचा सावकाश भाग कधी गाळू नका. चालता चालता एकदम थांबलात, तर रक्त पायात साठतं, प्रेशर उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. ठोके बिघडण्याची एक वेळ व्यायामानंतरची ही काही मिनिटंही असते.

सपाटीवर महिनाभर बिनतक्रार गेला आणि डॉक्टर हो म्हणाले की गड. अदालत वाड्याकडची पायवाट नको, डांबरी रस्ता धरा. पायवाटेवर चढ तुम्हाला वेग ठरवून देतो, रस्त्यावर तो तुमच्या हातात राहतो. पहिल्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत जाऊन नाडी बघा आणि परत फिरा. दुसऱ्या आठवड्यात पुढचं वळण. माथ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत पोहोचायला पावसाळा उजाडेल, उजाडू द्या. तुमचा स्वभाव मला पत्रावरून थोडा कळलाय. मागून कुणी पोरगं पुढं निघून गेलं तर तुमचे पाय आपोआप वेग घेतील. तिथं नाडी बघायला थांबा.

सकाळची गोळी चुकवून चालायला जाऊ नका. “गोळीनं पाय जड होतात म्हणून चालून आल्यावर घेतो” असं सांगणारे मला वरचेवर भेटतात. हीच गोळी तुमचे ठोके हद्दीच्या खाली ठेवते. पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर दिवसाला पाणी किती, ते डॉक्टरांना विचारा. दुबळ्या हृदयाला पाणी जास्तही चालत नाही आणि कमीही. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी चालणं बंद. शरीरातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी झालं की ठोके बिघडायला तेवढं कारण पुरतं. चैत्र-वैशाखात उन्हं वर यायच्या आत घरी.

आता तालीम. मुदगल नाही, म्हणजे नाहीच. मशीनची वायर गळ्याच्या हाडाखालून, पहिल्या बरगडीच्या वरून जाते. तिथली जागा चिंचोळी आहे. वजन घेऊन हात डोक्यावरून गरगरा फिरवला, तर वायर त्या दोन हाडांत पुन्हा पुन्हा चिमटली जाते. एका दिवसात काही होत नाही. महिनोन् महिने केलं तर वायरचं आवरण झिजतं, आतली तार तुटू शकते, आणि तुटक्या तारेतला खरखराट मशीन ठोके म्हणून मोजते. मग तुम्ही पेपर वाचत बसलेले असताना शॉक. बैठका मारा, थोड्या, सावकाश, श्वास न कोंडता. जोर सध्या नकोत. पुढं डॉक्टर हो म्हणाले, तर भिंतीला हात टेकून मारायचे. आणि कुस्ती दोस्तांशी गंमत म्हणूनही नाही. छातीवर त्याच जागी कोपर बसलं, तर मशीनला नाही तरी त्यावरच्या कातडीला इजा होईल.

पण हे वाचून डावा हात छातीशी आवळून बसू नका. पहिले चार ते सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, जड उचलायचं नसतं. तुमचे ते दिवस कधीच उलटले. तरी भीतीनं हात वर न नेणारे खूप असतात आणि त्यांचा खांदा आखडतो. करून बघा: डाव्या हातानं डोक्यामागं भांग पाडता येतो का? दोरीवर शर्ट वाळत घालता येतो का? येत नसेल तर व्यायामाआधी खांदा मोकळा करून घ्यायला फिजिओथेरपिस्टकडे जा. तिथंही आधी मशीनचं कार्ड दाखवा. करंट देणारी यंत्रं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू द्यायची नाहीत, आणि विजेच्या लहरींचा खोलवर शेक देणारं यंत्र तर अजिबातच नाही.

जिमचं थोडक्यात सांगते. ट्रेडमिल, सायकल, पायांची हलकी वजनं चालतील. शरीरातली चरबी मोजणारा वजनकाटा पायांतून बारीक करंट सोडतो, त्यावर उभं राहू नका. पोटाला बांधायचे करंटचे पट्टे नकोत. फोन शर्टाच्या डाव्या खिशात नको, मशीनपासून निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवा. चुंबक असलेले हेडफोन गळ्यात लोंबकळत छातीवर येऊ देऊ नका. चुंबक अगदी जवळ आला तर मशीनचं राखणीचं काम तेवढ्यापुरतं बंद पडू शकतं, लांब गेला की पुन्हा सुरू होतं. पाठीवर सॅक घेतलीत तर डावा पट्टा मशीनवर घासणार नाही असं बघा.

हे पुढचं काकूंना वाचून दाखवा, कारण फाटकाची किल्ली त्यांच्याकडं आहे. त्यांनी तुम्हाला अंगणात पडलेलं पाहिलंय. त्यांना “काही होत नाही” म्हणून पटणार नाही, काय झालं तर काय करायचं ते कळलं तर पटेल.

एक शॉक बसला आणि नंतर तुम्हाला बरं वाटतंय, तर खाली बसायचं, त्या दिवसाचा व्यायाम संपला, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. २४ तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखतंय, धाप लागलीय, भोवळ येतेय, तर फोनाफोनी न करता १०८ बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. तुम्ही शुद्धीवर नसाल तर मशीनला काही सेकंद मिळतील तेवढे मिळतील, पण हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं, की काकूंनी किंवा मुलानं १०८ लावून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२०. आत मशीन आहे म्हणून दाबायला घाबरायचं नाही. दाबताना शॉक बसला तर हाताला झिणझिणी येईल, दाबणाऱ्याला इजा होत नाही. हे दाबणं वाचून येत नाही, दोघांनीही एकदा सरावाच्या पुतळ्यावर करून शिकून घ्यावं.

नातवाचंही तेच. तुमच्या मांडीवर असताना शॉक बसला, तर त्याला फार तर झिणझिणी जाणवेल. तुम्ही दचकून त्याला खाली टाकाल, ही भीती जास्त खरी आहे. म्हणून सुरुवातीला बसून घ्या. उचलायचं झालं तर दोन्ही हातांनी, श्वास न कोंडता.

महिनाभर काकूंना स्टेडियमवर सोबत घ्या. त्यांचंही चालणं होईल आणि बोलून बघायची खूण आपोआप सांभाळली जाईल. एकट्यानं पोहणं नको, विहिरीत तर नकोच. शॉकनंतर मोटारसायकल पुन्हा कधी चालवायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तोवर मागं बसा.

पत्रात विचारलेलं नसलं, तरी तुमच्या मनात मॅरेथॉन आहे हे मला दिसतंय. मुलगा तुम्हाला डेन्मार्कचा तो फुटबॉलपटू एरिक्सन दाखवेल, दाखवलाही असेल. २०२१च्या जूनमध्ये युरो स्पर्धेत मैदानावर कोसळला, आयसीडी बसवली आणि २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. हे खरं आहे. २००५च्या अमेरिकन शिफारशींत आयसीडीवाल्यांना गोल्फ, बोलिंग यांसारख्या हलक्या खेळांपलीकडं मुभा नव्हती, ती बंदीही पुढं सैल झाली. २०१३ साली तिथं आयसीडी असलेल्या ३७२ खेळाडूंची पाहणी छापून आली. खेळताना ठोके बिघडून त्यांतला कुणी दगावला नाही, शॉकमुळं पडून कुणाला इजा झाली नाही. पण खेळताना शॉक मात्र दहातल्या एकाला बसला. त्या पाहणीतली माणसं १० ते ६० वयाची, मुळात खेळाडू. तुमचं पंपिंग ३० टक्के आहे आणि मागं एक अॅटॅक आहे. त्यांच्यावरून तुम्ही घरी बसायचं नाही एवढं नक्की ठरतं, मॅरेथॉनमधला येवतेश्वरचा घाट पळत चढायचा असं ठरत नाही.

स्पष्ट सांगायचं तर पळण्याचा नाद मी सोडून देईन. शर्यतीत गर्दी असते, ढोल असतात, पुढचा पळतो म्हणून आपण पळतो आणि नाडी बघायला कुणी थांबत नाही. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असलं तर त्यांचं ऐका, त्यांच्यासमोर तुमच्या मशीनची पट्टी आहे, माझ्यासमोर नुसतं पत्र. यंदा नोंदणी मात्र करू नका. आणि तपासणीची तारीख लांब असेल तर तोवर थांबू नका. आकड्यासाठी उद्याच फोन लावा, फाईल जवळ असेल तर फोनवरही सांगतात.